सुटलेली वाट पुन्हा धरताना

१९५४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या घनदाट जंगलात, ६६ वर्षांच्या एक बाई रस्ता चुकल्या. एमा गेटवूड त्यांचं नाव. ओहायोतल्या शेतकरी कुटुंबातल्या, अकरा मुलांच्या आई. तीन दशकांहून अधिक काळ नवऱ्याचा मार सोसून अखेर घटस्फोट घेतलेल्या. मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि त्यांच्या हाती 'नॅशनल जिऑग्राफिक'चा एक जुना अंक पडला. त्यात अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाच्या लांबलचक पायवाटेवर लेख होता. तो वाचून ती वाट म्हणजे सुखाची सैर वाटावी. आजींनी घरी कोणाला काही सांगितलं नाही. थेट मेन गाठलं आणि कटाडिन डोंगरावरून दक्षिणेकडे चालायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत खुणा दिसेनाशा झाल्या, चष्मा फुटला, जवळचं खाणं संपलं. जंगल खात्याच्या माणसांनी त्यांना शोधून काढलं आणि सरळ घरी जायला सांगितलं. त्या गेल्या. झाल्या प्रकाराबद्दल घरात अवाक्षरही काढलं नाही.

पुढच्याच वर्षी, ३ मे १९५५ रोजी, त्या पुन्हा आल्या. या वेळी उलट्या टोकाला, दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात. मुलांना एवढंच सांगितलं होतं, की जरा चालायला जाते. पाठीवर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे साधे बूट, आणि तंबूऐवजी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. १४६ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, त्या कटाडिनच्या माथ्यावर उभ्या होत्या. तेव्हा या वाटेची लांबी ३,३०० किलोमीटरच्या आसपास होती. एकाच हंगामात ती सलग आणि सोबतीशिवाय चालणारी ही पहिली बाई. वय ६७.

ही गोष्ट अमेरिकेत जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि त्यात खोटं काही नाही. पण आजी त्या १४६ रात्री कुठे झोपल्या हे पाहिलं, की गोष्टीत बरीच माणसं शिरतात. वाटेवरच्या निवाऱ्यात किंवा उघड्यावर पानांच्या ढिगात झोपायची सोय नसेल तेव्हा त्या सरळ जवळच्या घराचं दार ठोठावत. काहींनी दार लावून घेतलं. पिशवी खांद्यावर टाकून डोंगरातून उतरलेली म्हातारी त्यांना संशयास्पद वाटली असणार. पण बऱ्याच जणांनी जेवायला घातलं, पलंग दिला, नाहीतर ओसरीवरच्या झोपाळ्यावर आडवं होऊ दिलं. ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायान ही दोन वादळं लागोपाठ आली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यानाले फुगले. व्हर्माँट राज्यात एका फुगलेल्या ओढ्यापाशी आजी अडकल्या. तिथे त्यांना नौदलात काम केलेले दोन तरुण भेटले. त्यांनी आजींना मध्ये घेतलं, तिघांना एका दोरीनं बांधलं आणि पलीकडे नेलं. त्या दोघांची गाठ पडली नसती तर पाणी उतरेपर्यंत थांबण्यावाचून आजींपुढे काही उरलं नसतं.

आजी पुढे १९५७ मध्ये हीच वाट पुन्हा चालल्या आणि १९६४ मध्ये तुकड्यातुकड्यानं तिसऱ्यांदा पूर्ण केली. तीनदा ती पूर्ण करणारं त्यांच्याआधी कोणी नव्हतं. वर्तमानपत्रं मागे लागल्यावर मात्र त्यांनी मासिकातल्या त्या गोडगोड लेखाचा समाचार घेतला: वाटेची निगा नीट नाही, निवारे जळालेले आहेत, खुणा पुसल्या आहेत. एका सत्तरीकडे झुकलेल्या बाईनं जाहीरपणे केलेल्या या तक्रारींमुळे वाटेकडे लोकांचं लक्ष गेलं, हे वेगळं.

अ‍ॅपलाचियन ट्रेल आज सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत ती चौदा राज्यांतून जाते. १९२१ मध्ये बेंटन मॅकाय या वनतज्ज्ञानं वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात या वाटेची कल्पना मांडली. त्याच वर्षी त्याची पत्नी गेली होती. त्याच्या डोक्यात नुसती पायवाट नव्हती. डोंगरधारेवर छावण्या, शेतं, छोट्या वस्त्या असाव्यात आणि गिरण्या-कारखान्यांत दमलेल्या माणसानं तिथे येऊन श्वास घ्यावा, असं ते स्वप्न होतं. पुढे मायरन एव्हरी नावाच्या कर्तबगार आणि तितक्याच हट्टी वकिलानं स्वप्नाचा फापटपसारा बाजूला ठेवला, ठिकठिकाणच्या हौशी गिर्यारोहक मंडळांना कामाला लावलं आणि १९३७ मध्ये वाट पूर्ण करून घेतली. दोघांचं पुढे पटलं नाही. पण वाट सरकारी खात्यानं आखून दिलेली नाही, स्वयंसेवकांनी कुदळ-करवत घेऊन काढलेली आहे, हा तिचा स्वभाव तेव्हापासूनचा. आजही तीसएक स्थानिक मंडळं आपापला टप्पा सांभाळतात. झाडांच्या बुंध्यांवरचे पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच, तेच रंगवतात.

दर वर्षी साधारण तीन हजार माणसं ही वाट एका दमात चालायच्या इराद्यानं निघतात. चारातला एकच पोचतो. बाकीचे सगळे मध्येच कुठेतरी उतरतात.

आणि उतरण्याची सुरुवात फार लवकर होते. जॉर्जियात सुरुवातीपासून पन्नासेक किलोमीटरवर नील्स गॅप नावाची खिंड आहे. तिथल्या दगडी इमारतीत ट्रेकच्या सामानाचं दुकान आहे, आणि वाट त्या इमारतीच्या आरपार जाते. या दुकानातले लोक चालणाऱ्याची सॅक उपसून त्यातलं निम्मं ओझं घरी टपालानं पाठवायला लावण्यात पटाईत. समोरच्या झाडावर वर्षानुवर्षं बुटांचे जोड लटकत असायचे, इथेच मन पालटलेल्यांची आठवण म्हणून. पुढे नडगी धरते, पायाच्या हाडाला बारीक तडा जातो, गोचिडीमुळे लाइम रोग होतो, एखाद्या निवाऱ्यातून उलट्या-जुलाबाची साथ पसरते. पैसे संपतात. घरी कोणीतरी आजारी पडतं. मार्च २०२० मध्ये तर करोनाच्या साथीमुळे अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या देखरेख करणाऱ्या संस्थेनंच सगळ्यांना वाट सोडून घरी जायची विनंती केली. नोकरी सोडून, घर आवरून निघालेली माणसं दोन-तीन आठवड्यांत परतली.

सोडणं सोपं असतं. जिथे सोडली तिथेच परत येणं अवघड. हे आपल्याकडच्या ट्रेकरला पटकन लक्षात येणार नाही. सह्याद्रीत कुठल्याही खिंडीतून उतरलं की तासा-दोन तासांत एसटी नाहीतर वडाप मिळतं. अमेरिकेच्या डोंगराळ भागात गाडीशिवाय माणूस म्हणजे अडलेला माणूस. वाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथून जवळचं गाव दहा-वीस किलोमीटरवर, आणि त्या रस्त्यावर बस नसते. अपवाद मोजकेच. न्यूयॉर्क राज्यात पॉलिंग गावाजवळ 'अ‍ॅपलाचियन ट्रेल' याच नावाचं एक चिमुकलं रेल्वे स्थानक आहे, पण तिथे गाडी शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच थांबते. हार्पर्स फेरी या ऐतिहासिक गावात आगगाडी येते आणि वाट गावातूनच जाते. उत्तर कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्जमध्ये आणि व्हर्जिनियातल्या डमास्कसमध्ये ती चक्क मुख्य रस्त्यावरून जाते. उरलेल्या ठिकाणी कोणाच्या तरी गाडीत बसायला मिळालं तरच पुढचं पाऊल पडतं.

ती गाडी चालवणाऱ्याला, गावात आंघोळीची सोय करणाऱ्याला, रस्त्याच्या कडेला थंड पेयांचा डबा घेऊन बसणाऱ्याला तिकडे 'ट्रेल एंजल' म्हणतात. आणि ध्यानीमनी नसताना मिळालेली अशी मदत म्हणजे 'ट्रेल मॅजिक'. मॅसॅच्युसेट्समध्ये वाटेजवळच्या एका घरात चालणाऱ्यांना वर्षानुवर्षं घरी भाजलेल्या कुकी मिळत. न्यूयॉर्क राज्यात ग्रेमूर इथल्या फ्रान्सिस्कन मठाच्या खेळाच्या मैदानावर तंबू टाकायला मुभा असते. डमास्कसमध्ये मेथडिस्ट चर्चनं चालणाऱ्यांसाठी एक घरच राखून ठेवलं. पश्चिमेकडे, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी सुमारे ४,२६५ किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल आहे. तिच्यावरचा पाहुणचार तर एखाद्या कारखान्यासारखा शिस्तीत चाले. कॅलिफोर्नियातल्या आग्वा दुल्से गावात एका दांपत्यानं जवळजवळ दोन दशकं आपल्या अंगणात तंबू उभारून ठेवले होते. आलेल्याचे मळके कपडे धुऊन मिळत, आणि गॅरेजमध्ये टपालानं आलेली खोकी नावांप्रमाणे रचून ठेवलेली असत. सॅन डिएगोतलं आणखी एक जोडपं दर वसंतात विमानतळावरून चालणाऱ्यांना आणायचं, जेवू घालायचं आणि पहाटे गाडीनं सीमेवरच्या प्रारंभखुणेपाशी पोचवायचं. पैसे घेत नसत.

हे लोक असं का करतात? अनेक जण स्वतः कधीतरी ही वाट चाललेले असतात. काहींची वाट अपुरी राहिलेली असते. गुडघा किंवा संसार आता पुन्हा निघू देत नाही. काही जण केवळ वाटेशेजारी राहतात. शिवाय ही मदत परत फेडता येत नाही. पाहुणा दुसऱ्या दिवशी पंचवीस किलोमीटर उत्तरेला गेलेला असतो आणि त्याचं खरं नावही यजमानाला माहीत नसतं, कारण वाटेवर सगळे टोपणनावानंच वावरतात. तेव्हा हिशेब ठेवण्याची सोयच नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. नर्मदेच्या काठाकाठानं परिक्रमा करणाऱ्याला किनाऱ्यावरची गावं पिढ्यान्‌पिढ्या सदावर्त देत आली आहेत. तिथे तर थांबण्याचीही रीत आहे. चातुर्मासात परिक्रमावासी एखाद्या गावात किंवा आश्रमात चार महिने मुक्काम करतो आणि पावसाळा सरल्यावर जिथे थांबला तिथूनच पुन्हा निघतो. फरक आहे तो मागच्या श्रद्धेचा. नर्मदेकाठी वाढणाऱ्याला पुण्य मिळतं आणि परिक्रमावासी मैयाचा पाहुणा असतो. अ‍ॅपलाचियन वाटेवर काही चर्च आणि मठ सोडले तर मदतीमागे असा ठरलेला अर्थ नाही. त्यामुळे तिथला पाहुणचार जास्त लहरी आहे, आणि तो कमी पडतो तिथे संस्थेला उतरावं लागतं.

त्याचं चांगलं उदाहरण मेनमधल्या केनेबेक नदीवर दिसतं. नदी रुंद आहे, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. १९८५ मध्ये ती पायी ओलांडताना एका चालणाऱ्या स्त्रीचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर, १९८७ पासून, हंगामात ठरलेल्या वेळी एक नावाडी छोट्या होडीतून चालणाऱ्यांना पलीकडे नेतो, फुकट. होडीच्या तळाला वाटेवरचा तोच पांढरा पट्टा रंगवला आहे, म्हणजे होडीत बसलेला माणूस वाट सोडून गेला असं कोणी म्हणू नये! एरवी इंचाइंचावर वाद घालणाऱ्या शुद्धतावाद्यांची अशी समजूत घालणारा नक्कीच मिश्कील असला पाहिजे.

शुद्धतेचा हा प्रश्न परत येणाऱ्यांना फार छळतो. एकदा उतरलेला माणूस पुन्हा आला तर ते चालणं 'खरं' धरायचं का? कॉन्झर्व्हन्सीचं उत्तर साधं आहे: सगळी वाट चाललात, की नोंद होते. एका हंगामात चाला, नाहीतर वीस वर्षं सुट्टीसुट्टीत तुकडे जोडा. दोघांची नावं एकाच यादीत येतात. त्यामुळे वाटेवर 'सेक्शन हायकर' मंडळींची मोठी जमात आहे, आणि परत आणून सोडणाऱ्या गाडीवाल्यांचा खरा धंदा त्यांच्यावरच चालतो. हो, धंदाही आहे. दर सांगून सोडणारे शटलवाले असतात, त्यांची यादी संस्था प्रसिद्ध करते. देवदूताची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी फोन करून ठेवणं केव्हाही शहाणपणाचं.

सगळेच परत येऊन पुरं करतात असंही नाही. बिल ब्रायसन हा लेखक १९९६ मध्ये एका जुन्या मित्राला घेऊन निघाला, टेनेसीपर्यंत जाऊन कंटाळला, मधले टप्पे गाडीनं ओलांडले, घरी गेला, पुन्हा तुकड्यातुकड्यानं आला आणि मेनच्या जंगलात कायमचा थांबला. सगळं मिळून सुमारे ८७० मैल, म्हणजे १,४०० किलोमीटर. पण त्या अर्धवट चालण्यावरचं 'अ वॉक इन द वूड्स' हे पुस्तक १९९८ मध्ये आलं आणि पूर्ण चाललेल्या शेकडो लोकांच्या आठवणींपेक्षा त्यानंच जास्त माणसं या वाटेकडे वळवली. त्याच वर्षी अर्ल शॅफर नावाचे ७९ वर्षांचे गृहस्थ वाटेवर होते. १९४८ मध्ये ती सलग चालल्याची पहिली नोंद त्यांची. दुसऱ्या महायुद्धात जवळचा मित्र इवो जिमाच्या लढाईत गेला होता, आणि डोक्यातलं युद्ध पायांनी बाहेर काढायला शॅफर निघाले होते. १९६५ मध्ये ते उलट दिशेनं चालले. पहिल्या चालण्यानंतर पन्नास वर्षांनी तिसऱ्यांदा आले तेव्हा नव्यानं वळवलेली वाट त्यांना पूर्वीपेक्षा अवघड वाटली, पण त्यांनी ती पुरी केली.

मदतीचा अतिरेकही होतो, आणि त्यावर तिकडे बराच वाद आहे. एखादा उत्साही माणूस थंड पेयांनी भरलेली पेटी झाडाखाली ठेवून निघून जातो. रात्री अस्वल येतं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे निवाऱ्यापाशी घुटमळतं, आणि त्याची किंमत बहुधा अस्वलालाच मोजावी लागते. डबे आणि झाकणं जंगलात पसरतात. वसंतात जॉर्जियातल्या काही खिंडींमध्ये एकाच शनिवारी चार-चार ठिकाणी सॉसेज भाजणं चालू असतं आणि एकांत शोधत आलेला माणूस जत्रेत सापडतो. म्हणून संस्थेनं सूचना काढल्या आहेत: खाणं वाटायचं असेल तर स्वतः हजर राहा, बेवारस काही ठेवू नका, गावाजवळच्या किंवा वाहनतळाच्या जागी करा, दारू नको, जाहिरात नको. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर तर वाळवंटी टप्प्यात कोणीतरी ठेवलेल्या पाण्याच्या कॅनवर विसंबून निघू नका, असं बजावलं जातं. कॅन रिकामे निघाले तर जीवावर बेततं. ही शिस्त रूक्ष वाटते, पण योग्य आहे.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. अनोळखी माणसाचा चांगुलपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. रहावा हेली ही एरिट्रियन वंशाची अमेरिकन लेखिका २०१६ मध्ये ही वाट एकटीनं पूर्ण चालली. सोबत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं घेतली होती आणि वाटेवरच्या निवाऱ्यांत ती एकेक करून ठेवत गेली. पुढच्या वर्षी लिहिलेल्या गाजलेल्या लेखात तिनं सांगितलं, की जंगलापेक्षा तिला गावांची धास्ती होती. दक्षिणेतल्या गावांत घरांवर लावलेले, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या राज्यांचे काँफेडरेट झेंडे पाहिल्यावर कोणत्या गाडीला अंगठा दाखवायचा याचा विचार वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो. वाटेवर भेटलेल्या सहप्रवाशांबद्दल तिनं आपुलकीनंही लिहिलं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर खऱ्या आहेत, आणि ट्रेल एंजलच्या गोड गोष्टी सांगताना पहिली गाळणं बरोबर नाही.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन हे चक्रीवादळ फ्लोरिडातून आत शिरलं आणि दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगरांवर कोसळलं. चालणाऱ्यांना इतकी वर्षं आसरा देणारी गावंच पुराच्या तडाख्यात सापडली. हॉट स्प्रिंग्जच्या मुख्य रस्त्यावर नदी आली, डमास्कसमध्ये पाणी घुसलं, टेनेसीत अर्विन गावाजवळचा नोलिचकी नदीवरचा ज्या पुलावरून वाट जाते तो पूलच गेला. अगणित झाडं आडवी झाली. तेव्हा मदतीची दिशा उलटी फिरली: पूर्वी ही वाट चालून गेलेली माणसं फावडी घेऊन या गावांत चिखल उपसायला आली, आणि मंडळांचे स्वयंसेवक करवती घेऊन डोंगरात शिरले. २०२५ च्या हंगामात उत्तरेकडे निघालेल्यांसाठी नोलिचकीवर केनेबेकसारखी फुकट होडी सुरू झाली. मे महिन्यात डमास्कसचा 'ट्रेल डेज' हा दर वर्षीचा मेळाही भरला.

वाट सावरणारे असे हात एरवीही लागतात, आणि ते आपलेही असू शकतात. ही वाट न्यू जर्सी राज्यातून सुमारे ११५ किलोमीटर जाते, डेलावेअर वॉटर गॅपपासून न्यूयॉर्कच्या हद्दीपर्यंत. तिचा सगळ्यात पहिला टप्पा १९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनवर खुला झाला. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दोन्ही जागा सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोग्या आहेत. तिथली वाट न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही १९२० साली स्थापन झालेली स्वयंसेवी संस्था सांभाळते. खुणा रंगवायला, पडलेलं झाड कापायला, पाण्यानं धुपलेली पायरी पुन्हा बसवायला तिला माणसं सतत लागतात आणि काम शिकवण्याचे वर्गही ती स्वतःच घेते. पुण्या-मुंबईत असताना सह्याद्रीत हुंदडलेल्या आणि आता तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांनी एखाद्या शनिवारी तिथे नाव नोंदवावं.